धागा धरायचा की गाठ मारायची?

नाशिकमधल्या आमच्या ओळखीच्या एका बौद्ध कुटुंबातल्या मुलीने आपल्या मंगल परिणयात ‘हँडफास्टिंग’ करायचे म्हटले आणि घरात वादळ उठले. वधू-वरांनी हात हातात घ्यायचे, विधी लावणाऱ्याने त्यावर रंगीत दोरी गुंडाळून गाठ मारायची, असा हा प्रकार. मोबाइलवर तो प्राचीन केल्टिक म्हणून फिरतो. खरे तर शब्द जर्मॅनिक कुळातला. जुन्या ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ हातात हात देऊन केलेला लग्नाचा करार. आजचे सजवलेले रूप विसाव्या शतकातल्या नव-पेगन मंडळींनी रूढ केले.

वडीलधारे म्हणाले, “हे कुठलं परदेशी थेर?” आम्ही विचारले, हळदीचा कार्यक्रम ठरला, मंगळसूत्र घडवायला टाकले, तेव्हा कोणी का बोलले नाही? ज्या नाशकात १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, ज्या जिल्ह्यातल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिथे जुने कर्मकांड मागच्या दाराने आले तर चालते आणि सातासमुद्रापलीकडची दोरी तेवढी खुपते?

विधी देशी की परदेशी, ही कसोटीच चुकीची आहे. कसोटी अशी हवी: त्यात कोणी कोणाचे दान करतो का? पुरोहिताचा जन्मसिद्ध अधिकार मानावा लागतो का? वधू-वर समान उभे राहतात का? या कसोटीवर हँडफास्टिंग कन्यादानापेक्षा कितीतरी बरे ठरते.

पण बांधवांनो, आपल्याकडे याहून चांगले आहे आणि आपणच ते विसरतो आहोत. महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ च्या पत्रात बाबासाहेबांनी बौद्ध विवाहाची रीत सांगितली. होम नाही, सप्तपदी नाही. पाण्याने काठोकाठ भरलेला नवा मातीचा घडा पाटावर, दोन्ही बाजूंना पांढऱ्या वस्त्रांतले वधू-वर. घड्यात सुती धागा सोडायचा, त्याचे एकेक टोक दोघांनी हाती धरायचे. कोणीतरी मंगलसुत्त म्हणायचे. झाले लग्न.

फरक नीट पाहा. दोरीची गाठ तिसरा माणूस मारतो. धागा मात्र दोघे आपापल्या हाताने धरतात, सोडण्याची मुभा असतानाही धरून ठेवतात. संमती याहून सोप्या रीतीने कशी दाखवणार?

आम्ही पाहिलेल्या अनेक लग्नांत हा धागा फोटोपुरता उरला आहे. त्या मुलीलाही तो कोणी समजावून सांगितला नव्हता. सांगितल्यावर ती म्हणाली, “मग मला हेच हवं होतं.” दोरी तिने स्वतःच रद्द केली. हळद मात्र झालीच.

म्हणून आमची मागणी एवढीच: बौद्धाचार्यांनी मंगलसुत्ताआधी दोन मिनिटे या धाग्याचा अर्थ सांगावा. आपल्या मुली बाहेर काय शोधतात, याचा राग धरण्याआधी आपण त्यांना घरातले काय दिले, ते तपासू या.

जय भीम! नमो बुद्धाय!