जिंतूरचं तिकीट

उतरायचं परभणीला आणि तिकीट काढायचं जिंतूरचं, असं मी अकरावी-बारावीत सर्रास केलंय. गंगाखेडहून सुटणारी आमची एसटी परभणीवरून पुढं जिंतूरला जायची. कंडक्टरनं ‘कुठं?’ विचारलं की ‘परभणी’तला ‘प’ ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच रुतायचा. ओठ घट्ट मिटलेले, मान ताठ, डोळे बंद. मागच्या सीटवर खसखस पिकायच्या आत ‘जिंतूर’ म्हणून मी सुटका करून घ्यायचो. ‘ज’ त्या मानानं गरीब होता. जादा पैसे खाऊच्या पैशांतून जायचे.

तोतरं बोलणाऱ्याचं निम्मं डोकं अशा पळवाटा शोधण्यातच खर्ची पडतं. अडणारा शब्द त्याला दोन वाक्यं आधीच दिसतो, मग दुसरा शब्द शोधायचा. पण हॉटेलात पाण्याला ‘जल’ कसं म्हणणार? तहान मारायची.

त्या मार्गावरच्या एका कंडक्टरकाकांनी हे ओळखलं. एकदा मी ‘जिंतूर’ म्हटल्यावर त्यांनी चिमटा पेटीवर टकटक वाजवला, परभणीचं तिकीट फाडून माझ्या हातात ठेवलं, सुटे पैसे परत दिले आणि काही न बोलता पुढं सरकले. पुन्हा कधी त्यांनी मला ‘कुठं?’ म्हणून विचारलं नाही. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

घरी उपाय चालूच होते. आईनं वेखंड उगाळून जिभेला लावलं, कुणीतरी सांगितलं म्हणून तोंडात खडा धरून वाचायला बसवलं. पंचाईत केली ती हरिपाठानं. गंगाखेड म्हणजे जनाबाईंचं गाव. आत्याकडं संध्याकाळी बायाबापड्या जमायच्या. त्यांच्या सुरात सूर मिसळला की माझी जीभ कुठंच अडायची नाही. झालं! “हरिपाठात बरं अडत नाही? मुद्दाम करतंय पोरगं,” असा निकाल लागला.

बारावीनंतर मामानं मुंबईला बोलावून घेतलं आणि वांद्रे रेक्लमेशनवरच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत नेलं. १९८३ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था श्रवणदोषासाठी जास्त ओळखली जाते, पण वाचेचे उपचारही तिथं होतात. तिथल्या बाईंना मी हरिपाठाचं कोडं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, “एकसाथ म्हणताना जवळजवळ कुणीच तोतरा माणूस अडखळत नाही. गातानाही नाही. तू लबाड नाहीस.” जिभेत खोट नसते, बोलण्याच्या हालचालींची मेंदूतली वेळ चुकते आणि बऱ्याचदा हे घराण्यात असतं, हेही त्यांनीच समजावलं. आमचे आजोबा फार मितभाषी होते, असं घरात कौतुकानं सांगतात. मला तेव्हापासून शंका आहे.

मग त्यांनी मला मुद्दाम अडखळायला शिकवलं! चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन तज्ज्ञानं रुजवलेल्या उपचारात हेही येतं. तो स्वतः तोतरा होता. एके दिवशी बाई मला रस्त्यावरच्या वड्याच्या गाडीवर घेऊन गेल्या. “आधी मी,” म्हणाल्या. गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघत, “दो-दो-दोन व-व-वडापाव.” गाडीवरचा पोऱ्या फिसकन हसला, त्यानं नक्कलही केली. बाईंनी नजर काढली नाही. वाक्य आपल्या गतीनं पुरं केलं आणि वर सुकी चटणी मागून घेतली. मी घामाघूम. एवढी शिकलेली बाई माझ्यासाठी भर रस्त्यात हसू ओढवून घेत होती. मग माझी पाळी. “अडखळ खुशाल, पण खाली बघू नकोस. ‘प’ला जोर लावू नको. ओठ सैल सोड, हलकेच सुटू दे त्याला.”

कंडक्टरकाकांची गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या, “भला माणूस. पण त्यांच्यामुळं तुझा ‘प’ तसाच राहिला.” हे मला अजून पुरतं पटलेलं नाही. त्या वयात कुणीतरी आपली लाज राखली, एवढ्या आधारावर मी कॉलेज सोडलं नाही. बाईंचं देणं मोठं, पण काकांचं आधीचं.

माझा तोतरेपणा गेलेला नाही. फोनवर आजही अडतो. अडलो तर थांबतो आणि तोच शब्द म्हणतो.

अडीच-तीन वर्षांची पुष्कळ मुलं अडखळतात आणि त्यांतल्या बहुतेकांचं आपोआप सुटतं. मोठ्या माणसांत शंभरात एखादाच तोतरा उरतो. म्हणून घाबरू नका, पण काही महिने झाले तरी अडखळणं थांबत नसेल, घरात आणखी कुणी तसं असेल, मूल बोलायचंच टाळू लागलं असेल, तर वेखंड उगाळत बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येतं. त्या डॉक्टरांना मुलाचं बोलणं ऐकवा आणि वाचा-उपचारासाठी कुठं जायचं ते चिठ्ठीवर लिहून घ्या.