आमच्या घरचे पोते

"बाबा, मला गुद्दे मारायला पोते हवे," असे कन्येने जाहीर केले, तेव्हा मी दाढी करीत होतो. कापले, हे सांगायला नकोच. हा बायकांचा खेळ नव्हे, असे म्हणण्याची सोय २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मेरी कोमने कांस्यपदक मिळवून कायमची घालवली. मी गप्प बसलो.

पोत्याचे वजन मारणाऱ्याच्या निम्मे असावे, असा ढोबळ हिशेब. कन्या ५० किलोंची. म्हणजे पोते २५ चे. मी पडलो काटकसरी! कॅनव्हासची पिशवी शिवून घेतली, वाळू भरली आणि गिलाव्यावर न विसंबता काँक्रीटच्या तुळईत आकडा बसवून टांगली. आठवड्यात वाळू तळाशी बसून दगड झाली. कन्या डाव्या हाताने जेवू लागली. आम्हा दोघांना काही कळले नाही. आईने मात्र तिचे सुजलेले मनगट पाहिले.

आईने ट्रंकेतून आपली जुनी नऊवारी लुगडी काढली आणि टराटरा फाडायला घेतली. "ती वाळू काढ आधी. अन् चिंध्या दाबून भर रे, गोधडीसारख्या. गुठळी राहता कामा नये."

महिन्याने सूज उतरली. हाताला पट्ट्या गुंडाळून, मोजे चढवून कन्येने पहिला गुद्दा हलकेच मारला.

"लागत नाही ना गं?" आईने खाटेवरून विचारले.

"नाही, आजी."

"मग जोरात मार की!"