रुईवरचा नाकतोडा

तुम्ही रुईचे झुडूप पाहिले आहे ना? घरी तुम्ही त्याला आक म्हणता. त्याचे पान तोडले की पांढरा चीक येतो. तो चीक विषारी असतो. डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो. गुरेसुद्धा रुईला सहसा तोंड लावत नाहीत. पण एक कीटक याच पानांवर मजेत जगतो.

२०२० च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली होती. त्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या शेजारचे चाचा घाईघाईने माझ्याकडे आले. हातात फवारणीचा पंप होता.

"मास्टरसाहेब, बांधावर टोळ उतरले! औषध मारू का?"

शेतात कापूस उभा होता. चाचांच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती.

"चाचा, आधी बघू तर या," मी म्हणालो.

बांधावर रुईची दहाबारा झुडपे होती. त्यांच्यावर ते कीटक बसले होते. लांबी करंगळीएवढी. अंगावर पिवळे आणि निळे पट्टे, जणू कोणी कुंचल्याने रंगवलेले! पुढचे पंख हिरवट आणि त्यांवर पिवळे ठिपके. टोळधाडीतला टोळ आधी गुलाबी असतो, पुढे पिवळा होतो. त्याला असे निळे पट्टे नसतात.

राहिले मागचे पंख. ते पुढच्या पंखांखाली घडी करून ठेवलेले असतात. माझ्याबरोबर आलेल्या विद्यार्थ्याने पकडायला हात पुढे केला. मी त्याला थांबवले. ओढले तर पंख फाटतात. शिवाय या कीटकाचे पिल्लू चिमटीत धरले, की ते अंगातून द्रवाची चिळकांडी उडवते. आम्ही उन्हात उभे राहिलो. बराच वेळ गेला. चाचांना चहाची आठवण होऊ लागली! मग एकाने झेप घेतली आणि क्षणभर फिकट लाल पंख उघडले.

"लाल, सर, लाल!" मुलगा ओरडला.

हा टोळ नव्हे, नाकतोडा. तुमच्या भाषेत टिड्डा. शास्त्रज्ञ याला पोइकिलोसेरस पिक्टस म्हणतात. पिक्टस म्हणजे रंगवलेला. त्याचे भडक रंग पक्ष्यांना इशारा देतात, 'मला खाऊ नका!' टोळांसारखा तो थव्याने दूरदूर उडत जात नाही. रुई त्याच्या आवडीची. ती मिळाली नाही, तर मात्र तो दुसऱ्या पिकांची पानेही खातो. हेही मी चाचांना सांगितले.

चाचांनी पंप खाली ठेवला. बांधावरची रुई त्या वर्षी त्यांनी तोडली नाही.