स्विंडनची उलटसुलट प्रदक्षिणा

मैत्रिणींनो, देवळात प्रदक्षिणा कुठल्या बाजूने घालायची हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण इंग्लंडमधल्या स्विंडन गावच्या एका चौकात गेलात, तर तीही सवय क्षणभर गडबडेल बरं का!

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून आगगाडीने साधारण तासाभरात हे गाव येतं. १८४३ साली इथे रेल्वेचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती गाव वाढलं. कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. आता गोव्याहून गेलेली पुष्कळ कुटुंबं इथे राहतात. तेव्हा बाजारात कोंकणी कानावर पडली तर दचकू नका.

तर तो चौक. पाच रस्ते इथे एकत्र येतात. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक लहान वर्तुळ, आणि या पाचांच्या मधोमध सहावं. लहान वर्तुळांभोवती गाड्या घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जातात, अगदी आपल्या प्रदक्षिणेसारख्या. मधल्याभोवती मात्र उलट्या! रस्ताभर पांढऱ्या रेघा आणि बाण. पाहिलं की वाटतं, कुणी ठिपके काढून रांगोळी अर्धीच सोडून गेलंय.

फ्रँक ब्लॅकमोर या अभियंत्याच्या कल्पनेतून १९७२ साली हा चौक झाला. सुरुवातीला लोक गोंधळू नयेत म्हणून प्रत्येक लहान वर्तुळापाशी एक पोलीस उभा केला होता म्हणे. लहान मुलांच्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमावरून लोकांनी त्याला ‘मॅजिक राउंडअबाउट’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे तेच नाव कायम झालं.

माझी भाची लग्न होऊन तिकडे गेली. गाडी चालवता येत होती, पण या चौकाच्या धास्तीने वर्षभर तिने चाकाला हात लावला नाही. बाळाला डॉक्टरकडे न्यायचं, नवऱ्याची वाट बघ. भाजी आणायची, नवऱ्याची वाट बघ. शेवटी शेजारणीने तिला शेजारी बसून शिकवलं. “सगळी वर्तुळं बघू नकोस. समोरचं एकच बघ. उजवीकडून कुणी येत असेल तर थांब, नसेल तर जा. मग पुढचं.” बस्स, एवढंच!

मी गेले तेव्हा ती मला त्याच चौकातून घेऊन गेली. माझी तर छाती धडधडत होती. “अगं, चुकलं तर?” मी विचारलं. “मग आणखी एक फेरी मारायची, मावशी!” ती हसून म्हणाली. तिचा तो मोकळा चेहरा बघून मला फार बरं वाटलं.

त्या चौकात सगळेच हळू जातात, म्हणून धक्का लागला तरी सहसा जिवावर बेतत नाही.

आपल्याकडच्या चौकात पट्टे पुसलेले असतात, नवे बाण जुन्या बाणांवर रंगवलेले असतात. पण वर्तुळाकार चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम आपलाही आहे. तेव्हा भीती वाटत असेल, तर रविवारी सकाळी रहदारी नसताना त्याच चौकात दोन-चार फेऱ्या मारा. वेग कमी ठेवा, आयत्या वेळी लेन बदलू नका. वळण चुकलं तर सरळ पुढे जा आणि पुढच्या चौकातून परत या.

पाच मिनिटं उशीर होईल, होऊ दे. पण किल्ली हातातून सोडू नका.