कुळकर्ण्याचा हात

मोपा, पेडणे
रामनवमी

चि. सुलूस,


परवा मी मध्येच फोन ठेवला तो रागाने नव्हे. म्हणजे रागानेच, पण राग तुझ्यावर नव्हता, तुझ्या एका वाक्यावर होता. ‘भाई, सव्वीस वर्षं आकडेमोडीत फुकट गेली, आता पाटी पुसून नव्याने सुरुवात.’ घरच्या बोलीत बोलायला लागलो की आपलं जुंपतं, म्हणून हे पत्र मराठीत लिहितोय. आप्पांनाही दटावायचं असलं की ते मराठीतच चिठ्ठी लिहायचे, एकाच घरात राहून.

सप्त्यात तू गायलीस तेव्हा मी मागच्या खांबाला टेकून उभा होतो. पुढे आलो नाही, उगाच लोकांनी माझे डोळे कशाला बघावेत? अभिषेकीबुवांमुळे सोहिरोबांचं ते पद इथे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण तू बुवांची नक्कल केली नाहीस. पट्टी उतरवून घेतलीस, दम लागला तिथे सरळ थांबलीस, पेटीवाल्याकडे बघून हसलीस आणि पुन्हा उचललंस. विशीतली सुलू थांबली असती का? तिने खोकत, लाल होत, ताणून नेलं असतं. मग ते थांबणं तू शिकलीस कुठे? त्या फुकट गेलेल्या सव्वीस वर्षांतच ना?

आणि ज्याचं पद गायलीस त्याचा तरी हिशेब मांड. सोहिरोबानाथ आंबिये. घराणं मूळ आपल्या पालयेचं, जन्म १७१४चा, बांद्याचा. म्हणजे पत्रादेवीची सीमा ओलांडली की आलंच. (तेव्हा ओलांडायला काही नव्हतं. पेडणे सावंतवाडीकरांचंच होतं, फिरंग्यांकडे गेलं ते १७८८ला.) घरात गावचं कुळकर्ण. वाडीच्या दरबाराचं बोलावणं आलं म्हणून निघाला, वाटेत इन्सुलीच्या रानात फणस फोडून खायला बसला, तर एक साधू पुढ्यात उभा. ह्याने गरे दिले, त्याने उपदेश दिला. ते गहिनीनाथ होते असं सांगतात. आंबियांचं वय तेव्हा पस्तिशीचं.

आपले कीर्तनकार ह्या फणसापाशी बसतात ते उठत नाहीत. चीक हाताला लागल्यासारखे! पुढचं कुणी सांगत नाही. वतन सोडलं खरं, पण बांदा सोडून उत्तरेकडे जायला १७७४ साल उजाडलं. साठीला आला होता तो. मधली पंचवीस वर्षं? तिथेच. त्याच गावात, मुलाबाळांत राहून लिहीत होता. मोठमोठे ग्रंथ त्या काळातले.

आणि लिहीत होता कुठल्या हाताने? कुळकर्ण्याच्याच ना! कुळाचं येणं किती, देणं किती, एक अक्षर न सांडता कागदावर उतरवायचं, हे ज्या हाताला वळण लागलेलं, त्याच हाताने. नाथांनी त्याला आवाज दिला असं मला वाटत नाही, संप्रदायवाले रागावले तरी चालतील. आवाज त्याच्यापाशी होताच, भीड तेवढी सुटली. ती किती सुटली ते पुढे दिसलंच. महादजी शिंद्यांनी आपलं काव्य दाखवलं, तर ह्याने तोंडावर सांगितलं म्हणे की ह्यात काही नाही. आश्रय द्यायला बसलेल्या माणसाला! १७९२च्या रामनवमीला उज्जैनच्या मठातून बाहेर पडला तो पुन्हा कुणाला दिसला नाही. आज सकाळपासून त्याचाच विचार आहे, म्हणून हे एवढं लांबलं.

विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजला त्याचं नाव दिलंय, माहीत आहे ना? पोरं तिथे वाणिज्य शिकतात. हिशेबच! मला फार बरं वाटतं ते.

नव्याने सुरुवात म्हणजे काय हे बघायचं असेल तर आपल्या माळावर ये. लिहितोय तेवढ्यात दोन विमानं गेली. विमानतळासाठी धनगरांची घरं इथून उचलून कासारवर्ण्याला नेली. आमच्या वयाचे बाप्ये, सगळी हयात माळावर गुरांमागे गेलेली. पन्नाशीत पाटी पुसता का, असं त्यांना कुणी विचारलं नाही. इथलीच काही माणसं आता टॅक्सी चालवतात, गणवेश घालून फाटकावर उभी राहतात. तुला निवड आहे, म्हणून तुझ्या तोंडी तो शब्द मला टोचला. इतकंच.

आता तू विचारलेलं. नाही, विचारलंस ते नंतर सांगतो. आधी माझे प्रश्न. राजीनामा दिलास की नुसता लिहून ठेवलायस? निवृत्तीवेतनाला वर्षं किती कमी पडतात ते मोजलंस का? तू मोजणार नाहीस तर कोण मोजणार? डोंबिवलीची जागा विकू नकोस. सासूबाईंच्या औषधांचं बघणार कोण? भावोजींना विचारलंस का असं म्हणत नाही, सांगितलंस का? आणि गुडघा. भजनाला तीन तास मांडी घालून बसायचं असतं, बाय. मला रात्री हे एकेक आठवतं आणि झोप जाते. तुझी वहिनी म्हणते, तिच्या गाण्याचं कौतुक केलंत का एकदा तरी? केलं की, वर. खांबाचं लिहिलंय ते तेच.

खोलीचं विचारलं होतंस. माडीवरची आप्पांची खोली रिकामी आहे. पेटीचा भाता उंदरांनी खाल्लाय, तो दुरुस्तीला दिला. पण ईशान्येच्या कोपऱ्यात गळतं आणि पावसाआधी कौलं शाकारायची तर माणसाला आत्ताच सांगून ठेवावं लागतं, मे उजाडला की तो मिळत नाही. तेव्हा पाहुणी म्हणून येतेस की राहायला, ते पंधरवड्यात कळव. दारचा कापा फणस अजून कोवळा आहे.

तुझा,
भाई