खाडाखोडीतला विनोद

व्यंगचित्रातील अक्षर म्हणजे मजकूर वाचकापर्यंत पोहोचवण्याचे साधन, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु १९६८ मध्ये इंग्लंडमधील मॅकल्सफील्ड येथे जन्मलेले कलावंत डेव्हिड श्रिग्ली यांचे काम क्रमाने पाहिले, तर त्यांच्या विनोदाचा मोठा भार अक्षराच्या वळणावरच आहे, हे ध्यानात येते. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी 'एन्व्हायरनमेंटल आर्ट', म्हणजे सार्वजनिक जागेच्या संदर्भात कलाकृती घडवण्याची शाखा, हा विषय घेतला आणि १९९१ मध्ये 'स्लग ट्रेल्स' हे पुस्तक स्वतःच काढले. त्यांची कॅपिटल अक्षरे कमीअधिक उंचीची असतात, ओळ सांभाळत नाहीत, आणि चुकलेला शब्द पुसून न टाकता रेघ मारून खोडलेला असतो.

१९९६ च्या 'लॉस्ट' या छायाचित्रात झाडाला चिकटवलेली हाताने लिहिलेली सूचना दिसते: हरवले आहे एक राखाडी-पांढरे कबूतर, आकाराने नेहमीसारखे, नाव नसलेले. हाच मजकूर सुबक छापला असता तर ती केवळ थट्टा ठरली असती. हस्ताक्षरामुळे मात्र त्यामागे खरोखरच चिंतेत पडलेला कोणी माणूस उभा राहतो, आणि वाचक हसतानाच त्याच्या दुःखात सामील होतो. २०१० च्या 'आय अ‍ॅम डेड' या कलाकृतीत पेंढा भरलेले मांजराचे पिल्लू, आपण मेलो आहोत असे सांगणारा फलक पंजात धरून उभे आहे. तेथेही अक्षर ओबडधोबड असल्यामुळे मृत्यूची वार्ता घोषणा न होता कबुली होते.

पुढे २०१३ मध्ये टर्नर या ब्रिटिश कला-पारितोषिकासाठी त्यांचे नामांकन झाले, २०१६ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्यांचे अतिशय लांब अंगठ्याच्या हाताचे शिल्प उभे राहिले, तरी कागदावरील अक्षर सफाईदार झाले नाही. आज अनेक चित्रकार स्वतःच्या हस्ताक्षराचा फॉन्ट, म्हणजे संगणकावर टंकता येणारा अक्षरसंच, करून घेतात. त्यात एक अक्षर सहसा प्रत्येक वेळी हुबेहूब तसेच उमटते, त्यामुळे लिहिताना हात कुठे अडखळला याची खूण उरत नाही. व्यंगचित्रकार इतरांच्या चुका दाखवत असतो. तो स्वतःची खाडाखोड झाकत नाही, तेव्हाच त्याला त्या दाखवण्याचा नैतिक अधिकार मिळतो, आणि वाचकही त्याचे बोलणे बरोबरीच्या माणसाचे म्हणून स्वीकारतो.