किरणचं 'नाही' आणि आर्चीचं 'हो'

'निषिद्ध प्रेम' हा शब्द आपण फार सैल वापरतो. दोघांना हवं असलेलं पण समाजाला नको असलेलं प्रेम, ही एक गोष्ट. एकालाच झालेलं आणि दुसऱ्याच्या मानगुटीवर बसलेलं वेड, ही दुसरी. गंमत बघा, आपण टाळ्या वाजवतो त्या दुसरीला.

१९९३ चा 'डर' आठवा. किरणचं सुनीलवर प्रेम आहे, राहुल तिला नकोय. तो फोन करत राहतो, सुरीने छातीवर तिचं नाव कोरतो. सिनेमाचं नावच मुळात तिच्या भीतीचं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला पोरं त्याचीच नक्कल करायची. त्याच वर्षी वर्गातल्या एका मुलीच्या मागे एक जण रोज एसटी स्टँडपासून कॉलेजच्या गेटपर्यंत यायचा. सगळ्यांना माहीत होतं. शिक्षण कुणाचं सुटलं? तिचं. सहा महिन्यांत लग्न लावून दिलं घरच्यांनी.

आता 'सैराट' (२०१६). इथे पाटलांची आर्ची स्वतः परश्याकडे बघते, स्वतः बोलते. पाठलाग नाही, जबरदस्ती नाही. दोघांचंही 'हो' आहे. आणि तरी शेवटी रक्तात भरलेली लहान पावलं उमटतात. थिएटरातून बाहेर पडताना मागून आवाज आला, "पोरीनं घराचा विचार करायला पायजे होता." राहुलच्या वेळी असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

कायदाही कुठे वेगळा होता? सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची. घरात पेइंग गेस्ट आलेल्या एकाच मुलावर भाऊ आणि बहीण दोघंही जीव लावतात, आणि दोघंही आपापली गोष्ट आपल्या तोंडून सांगतात. तेव्हा तनयसारख्या मुलाचे राजीखुशीचे संबंध कलम ३७७ खाली गुन्हा होते; तो शिक्का कायमचा पुसला गेला सप्टेंबर २०१८ मध्ये. बाईचा पाठलाग मात्र तेव्हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. कलम ३५४-ड आलं २०१३ मध्ये, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर. त्याच वर्षी 'रांझणा' आला. त्यात कुंदन मुलीच्या होकारासाठी मनगट कापून घेतो आणि आपण हळहळतो, तेही त्याच्यासाठी!

वेड दाखवू नका, असं माझं म्हणणं नाही. माणसात ते आहे, तर ते कादंबरीत आणि सिनेमात येणारच. पण ज्याच्या मागे ते लागलंय त्याच्या घशाला पडलेली कोरडही दिसू द्या.

घरात पोरं मोबाइलवर असले सिनेमे बघत असतील तर बंद करायला लावू नका. शेजारी बसा आणि एवढंच विचारा: "ती काय म्हणाली रे? आणि त्यानं ऐकलं का?"